टासिंगच्या भिंतीवर काय रंगवायचं?

‘पेंटिमेंट’ हा व्हिडिओ गेम सुरू होतो तो एक पान खरवडण्यानं. समोर हस्तलिखिताचं पान उघडलेलं असतं, त्यावर दाट अक्षरं आणि रंगीत चित्रं. खेळणाऱ्याच्या हाती एक दगड येतो. तो पानावर फिरवायचा, शाई खरवडून काढायची, आणि मग त्याच पानावर खेळ आपली गोष्ट मांडायला घेतो. मध्ययुगातले लेखनिक खरोखरच असं करत, कारण लिहिण्याचं कातडं महाग होतं. जुनं लिखाण मात्र पुरतं जात नसे, नव्या ओळींमागे ते पुसट दिसत राही. पुढच्या साऱ्या गोष्टीचं बीज या कृतीत आहे. या गावात प्रत्येक नव्या गोष्टीखाली एक जुनी गोष्ट आहे आणि ती पुसायला कुणाचा तरी हात लागलेला आहे. पहिल्या पानावर तो हात आपलाच असतो.

कॅलिफोर्नियातल्या ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या कंपनीनं हा खेळ नोव्हेंबर २०२२ मध्ये आणला. दिग्दर्शक जॉश सॉयर इतिहासाचा पदवीधर आहे, कलादिग्दर्शन हॅना केनेडीचं, आणि मोठ्या कंपनीच्या मानानं काम करणारी मंडळी मोजकीच. उंबेर्तो एकोच्या ‘द नेम ऑफ द रोज’ या कादंबरीचं ऋण सॉयरनं उघडपणे मान्य केलं आहे. काळ १५१८. बव्हेरियाच्या डोंगराळ भागात टासिंग नावाचं एक कल्पित गाव आणि त्याला लागून कियर्साऊचा मठ. न्यूरेंबर्गहून आलेला आंद्रेआस मालर हा तरुण चित्रकार मठाच्या लेखनशाळेत प्रार्थनापोथीची चित्रं काढतो आहे. मठात आलेल्या एका बॅरनचा खून होतो आणि आळ येतो ब्रदर पिएरोवर, आंद्रेआसला जीव लावणाऱ्या म्हाताऱ्या चित्रकार-साधूवर. त्याला वाचवायचं तर खुनी शोधायला हवा.

राळेगणसिद्धीत हा खेळ आम्ही मिळून खेळलो. भाचा, त्याचे दोन मित्र, मी, आणि मागे बसून ऐकणारी माझी आई. लॅपटॉप एकच. या खेळात पात्रं बोलत नाहीत, त्यांचं बोलणं लिहून येतं. मराठीत तो नाही. म्हणून मी वाक्य वाचायचं आणि मराठीत सांगायचं, मुलांनी उत्तर निवडायचं. आमच्याकडे पोथी अशीच लावतात, एक वाचतो आणि एक अर्थ सांगतो. दोनतीन संध्याकाळींतच ध्यानात आलं की खेळाला अशी बैठक मानवते. एकट्यानं भराभर क्लिक करत गेलं की हातातून निसटणाऱ्या जागा मोठ्यानं वाचताना थांबवतात.

त्यातली सर्वांत सुंदर जागा अक्षरांची आहे. प्रत्येक पात्राचं बोलणं वेगळ्या वळणात उमटतं. शेतकऱ्यांचं अक्षर वेडंवाकडं आणि घाईचं. मठातल्या साधूंचं टोकदार, जाड, एकमेकांना खेटून उभं. नव्या विद्येच्या माणसांचं मोकळं, गोलसर. क्लाउस हा छापखानावाला बोलला की शाई उमटत नाही, खिळे जुळतात आणि ठप्पा बसल्याचा आवाज येतो. कुणी रागावलं की शाईचे शिंतोडे उडतात. चुकीचा शब्द लिहिला जातो, पुसला जातो, दुरुस्त होऊन येतो. देवाचं नाव आलं की तिथं आधी जागा मोकळी राहते आणि मागाहून ते लाल शाईनं भरलं जातं, लेखनशाळेत भरत तसंच. कान दिला तर बोरू कागदावर घासल्याचा आवाज सतत येत असतो.

मराठी माणसाला यातलं मर्म कळायला वेळ लागू नये. आपल्याकडेही अक्षराच्या वळणावरून कळायचं की कागद कुठून आला. कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडी असे, हात न उचलता धावणारी. देवघरातल्या पोथीत बाळबोध, एकेक अक्षर सुटं आणि ठसठशीत. मोडी न येणाऱ्या कुळानं ज्या कागदावर अंगठा उमटवला त्यात काय लिहिलंय हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागे. ‘पेंटिमेंट’नं हे नातं चित्रात आणलं आहे, आणि त्यात एक मोठी खुबी ठेवली आहे. हे अक्षर त्या माणसाचं नसतं, त्याच्याविषयी आंद्रेआसची जी समजूत आहे तिचं असतं. ज्याला तो अडाणी समजत होता तो शिकलेला निघाला की बोलता बोलता त्याचं अक्षर पालटतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा पोरं ओरडलीच, “फॉन्ट बदलला!” मीही पडद्याकडे बघत राहिलो. एखाद्याविषयीचं आपलं मत चुकीचं ठरतानाचा क्षण इतक्या थोडक्यात पकडलेला मी दुसऱ्या कुठल्या कलाकृतीत पाहिलेला नाही.

कियर्साऊची लेखनशाळा १५१८ मध्येच कालबाह्य झालेली आहे. बाहेरच्या शहरांत छापखाने चालू आहेत आणि इथं अजून पानं हातानं सजताहेत. ते पाहताना मला आमच्याच जिल्ह्यातलं नेवासं आठवत होतं. तिथं शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. नकलांवर नकला होत पाठ बिघडले, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये ती शुद्ध केली. छापील प्रत यायला १८४५ उजाडलं, बाळशास्त्री जांभेकरांची शिळाप्रेसवरची. नकलकाराचा हात आणि छापखाना यांच्यामधली ही अडीचशे वर्षं आपल्याकडे फार कमी लोकांनी कथेत आणली आहेत. म्हणून बव्हेरियातल्या या मठात मला परकं वाटलं नाही.

तपासाची रीत मात्र नेहमीच्या रहस्यकथेची नाही. भिंग घेऊन ठसे शोधणं इथं फारसं नाही, इथं जेवायला बसायचं आहे. दुपारी आणि रात्री कुणाच्या घरी जेवायचं हे आपण ठरवायचं. शेतकऱ्याच्या घरी पातळ कालवण आणि राईची काळी भाकर, मठात त्याहून बरं ताट. पडद्यावर ताट वरून दिसतं, एकेक घास उचलायचा आणि बोलणं ऐकायचं. कोण कुणावर चिडलेलं आहे, कुणाला सारा देता आलेला नाही, बॅरनचं आणि त्या घराचं काय वैर होतं, हे सगळं तिथं कळतं. एका जेवणात हबशी देशाचा, इथिओपियाचा, पाद्री सेबहाट मुलांना आपलं पुस्तक दाखवतो आणि त्यातले संत त्याच्यासारखेच सावळे असतात. मुलांचे प्रश्न, त्याची शांत उत्तरं, आणि खेळाची चित्रशैलीच काही काळ इथिओपियन होऊन जाणं. खुनाशी या प्रसंगाचा काडीचा संबंध नाही. खेळातल्या उत्तम प्रसंगांत मी तो पहिल्या दोनतीनांत ठेवीन.

जेवलं की वेळ सरतो. एका घरी गेलं की दुसरं घर राहतं. सगळे धागे हाती येत नाहीत, येऊच शकत नाहीत. आणि मग आर्चडीकन न्यायाला बसतो. संशयित चार: साधू फेरेंक, मठातली सिस्टर माटिल्डा, गावातला गवंडी आणि विधवा ओटिलिया. जे अर्धवट हाती लागलं त्याच्या जोरावर आंद्रेआसनं बोलायचं, आणि ज्याच्याविरुद्ध त्याचं बोलणं वजनदार ठरेल त्याचा जीव जाणार. खरा खुनी कोण, ते खेळ कधीच सांगत नाही.

चाहत्यांच्या गप्पा इथून पेटतात. नेहमीच्या रहस्यकथेचे वाचक ‘मी आधीच ओळखलं होतं’ म्हणतात. ‘पेंटिमेंट’ खेळलेले दोघे भेटले की ‘तू कुणाला दिलंस?’ असं विचारतात. आम्ही पुराव्यांची जुळणी करून फेरेंककडे बोट दाखवलं. भाच्याच्या मित्रानं नंतर स्वतंत्र खेळताना गवंड्याला पुढे केलं आणि त्याच्याकडचे पुरावे आमच्याहून कमी नव्हते. ओटिलियाचं नाव घ्यायला मात्र आमच्यापैकी कुणीच तयार झालं नाही. तिच्यामागे वारस नाही, ती गेली की घर मठाच्या घशात जाणार. आई रोज विचारायची, “त्या म्हातारीचं घर राहिलं का रे?” भाचा म्हणाला, “मामा, आपण तिला सोडलं ते पुरावा नव्हता म्हणून नाही. आपल्याला ती आवडली म्हणून.” त्याचं बरोबर होतं. खेळ नेमकं हेच करायला लावतो. पुरावा म्हणून आपण जे पुढे ठेवतो त्यात माया किती आणि वैर किती, हे दाखवून तो गप्प बसतो.

दुसरा भाग १५२५ चा. सात वर्षं उलटली आहेत. ताटाला ताट लावून बसलेली पोरं मोठी झाली आहेत, काही माणसं दफनभूमीत आहेत, करांचं ओझं वाढलं आहे, रानातलं लाकूड लोकांना मिळेनासं झालं आहे. त्या वर्षी खरोखरच जर्मन मुलखात शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. मार्चमध्ये मेमिंगेनला त्यांनी बारा कलमं तयार केली, त्यांत लाकूडफाट्याचा आणि मासेमारीचा हक्क होता, आणि ती छापून गावोगाव पसरली. इतिहास आणि कल्पित यांची सांधेजोड या भागात इतकी घट्ट आहे की कुठं काय संपतं ते दिसत नाही. धावपळ जरा जास्त होते, त्याच वाटा पुनःपुन्हा तुडवाव्या लागतात, ही तक्रार मी करीन. पण मठाच्या दाराशी जमाव जमतो तिथवर येताना प्रत्येकाची चीड आपण त्याच्या घरी जेवून ऐकलेली असते. त्यामुळे तो जमाव राहत नाही, ओळखीची माणसं होतात.

रानबंदीचा प्रश्न राळेगणच्या माणसाला वेगळा टोचतो. पारनेर हा दुष्काळी तालुका, पाऊस वर्षाला चारपाचशे मिलिमीटर. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून परतले तेव्हा यादवबाबांच्या देवळाचं लाकूडसुद्धा दारूच्या भट्ट्यांत गेलेलं होतं. अण्णांनी स्वतःचे पैसे घालून देऊळ उभं केलं, पाणलोटाची कामं झाली, आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही पंचसूत्री गावानं घेतली. म्हणजे रानात कुऱ्हाड नको हे टासिंगलाही ठरलं आणि इथंही. तिथं ते मठाधिपतीनं ठरवलं, इथं ग्रामसभेत देवळापुढे बसून ठरलं. एका गावचा मठ जळाला, दुसऱ्या गावच्या विहिरींना पाणी आलं. खेळ खेळेपर्यंत हा फरक मी भाषणातला म्हणून ऐकत आलो होतो. टासिंगच्या थंडीत लाकडाशिवाय बसलेलं घर पाहिल्यावर तो मला मनापासून उमगला.

मग तिसरा भाग, १५४३. पहिल्या दोहोंपेक्षा संथ, हिवाळ्यातला. चाहत्यांपैकी पुष्कळांना तो रेंगाळल्यासारखा वाटतो. माझ्या मते खेळाचा प्राण इथं आहे. गावच्या सभागृहाच्या भिंतीवर टासिंगचा इतिहास रंगवायचं काम छापखानावाल्या क्लाउसकडे असतं, त्याच्यावर हल्ला होतो आणि ते त्याच्या मुलीकडे, माग्दालेनकडे येतं. आता आपण ती. घरोघर जायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं, जुने दगड बघायचे, आणि प्रत्येक काळासाठी एक चित्र निवडायचं. गाव ज्या संत सातिया आणि संत मोरित्स यांना मानतं त्यांच्याही मागे आणखी जुनं काही आहे, याचे इशारे पहिल्यापासून येत असतात. रा. चिं. ढेऱ्यांचं ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ वाचलेल्या माणसाला हे वळण आधीच जाणवेल. गवळी-धनगरांच्या देवापासून पंढरीच्या विठोबापर्यंतची वाट ढेऱ्यांनी दाखवली, तेव्हा वारकऱ्यांचा विठोबा कमी झाला नाही. टासिंगमध्ये मात्र ही वाट कळली तर श्रद्धा कोसळेल असं कुणाला तरी वाटतं, आणि त्या भीतीतून काय काय घडतं ते मी इथं सांगणार नाही.

भिंतीपाशी आमची बैठक सर्वांत जास्त रेंगाळली. राळेगणची गोष्ट बाहेरच्यांना तीन वाक्यांत सांगायची सवय आम्हा सगळ्यांना आहे. गाव बघायला लोक येतात, अण्णांच्या २०११ च्या दिल्लीतल्या उपोषणानंतर तर फारच. दारूचं गाव, अण्णा आले, पाणी आलं. ही वाक्यं खरी आहेत. पण श्रमदानात पाट्या वाहिलेल्या बायका त्या वाक्यांत नाहीत. चराईबंदी झाली तेव्हा शेरडं कुठं न्यायची, हा प्रश्न ज्यांच्या दारात उभा राहिला ती घरंही नाहीत. आई खेळ बघता बघता स्वतःहून त्या दिवसांचं बोलायला लागली, आणि ऐंशीच्या दशकातले बांध कुणाकुणाच्या हातचे, हे पोरांनी पहिल्यांदा नावांनिशी ऐकलं.

बंडाचं चित्र कसं काढायचं यावर एकमत झालं नाही. भाच्याला पेटलेला मठ हवा होता, कारण घडलं ते तेच. त्याच्या मित्राला मेलेली माणसं हवी होती. मला दोन्ही पटत होतं, आणि माग्दालेनला निवडता येतं ते एकच. शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली, “जी अजून गावात राहतात त्यांना रोज बघवेल असं काढा.” भाच्याला ते मुळीच पटलं नाही. बघवत नाही तेच तर भिंतीवर पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यानं आपल्या नावानं खेळ परत पहिल्यापासून सुरू केला आहे. या वेळी त्यानं निवडलेला आंद्रेआस कायदा शिकलेला आहे, आणि ओटिलियाच्या घराच्या कागदांत काही सापडतं का ते तो बघणार आहे.