फुफ्फुसं तरंगली, म्हणून?

विल्यम हंटर यांचा एक छोटा निबंध न्यायवैद्यकात रस असलेल्या प्रत्येकाने वाचावा. अनौरस मुलांच्या बाबतीत खुनाच्या खुणा किती बेभरवशाच्या असतात, हा त्याचा विषय. १४ जुलै १७८३ रोजी तो लंडनच्या वैद्यक मंडळासमोर वाचला गेला. हंटर त्याआधीच, मार्चअखेरीस, निवर्तले होते. राणी शार्लटचे हे वैद्य. गर्भाशयाच्या शरीररचनेवरचा त्यांचा १७७४चा चित्रग्रंथ आजही नावाजला जातो.

इंग्लंडमध्ये तेव्हा १६२४चा कायदा होता. अविवाहित बाईने बाळाचा मृत्यू लपवला की तो खूनच धरला जाई. मूल मेलेलंच जन्मलं असं सांगणारा निदान एक साक्षीदार तिने आणायचा, नाहीतर फाशी. एकटीने गुपचूप बाळंत झालेलीला साक्षीदार कुठून मिळणार? मग साक्ष काढली जाई ती मृत बाळाच्या फुफ्फुसांची. ती पाण्यात टाकायची. तरंगली तर बाळाने श्वास घेतला होता, बुडाली तर नाही.

या निबंधाचं सौंदर्य मला त्याच्या मांडणीत दिसतं. वाचकाला घाई असते फुफ्फुसांची, पण हंटर आधी त्या बाईबद्दल बोलतात. फसवली गेलेली, बदनामीच्या धास्तीने दिवस लपवत आलेली, कळा अचानक आल्यावर भान हरपलेली बाई ते उभी करतात. कृत्याचा न्याय करायचा तर त्या क्षणी करणाऱ्याचं मन कोणत्या अवस्थेत होतं हे पाहावं लागतं, असं ते बजावतात. हे वकिली आर्जव नाही. असंख्य बाळंतपणं पाहिलेल्या माणसाचं ते निरीक्षण आहे.

मग ते फुफ्फुसांकडे वळतात, आणि नजर तीच राहते. फुफ्फुस तरंगलं म्हणजे त्यात हवा आहे, एवढंच सिद्ध झालं. ती हवा श्वासाची की कुजण्याची? शरीरातले इतर अवयवही हवेने फुगलेत का, ते आधी बघा. मग बुडबुडे न्याहाळा. श्वासाची हवा इतक्या बारीक कणांत विखुरलेली असते की ती नुसत्या डोळ्यांना जेमतेमच जाणवते. बुडबुडे मोठे असले, किंवा फुफ्फुसाच्या खंडिकांमधल्या भेगांतून ओळीने पसरलेले असले, तर ती हवा श्वासाची नव्हे. केवढं सूक्ष्म पाहणं हे! एका बुडबुड्याच्या आकारावर एक गळा फासातून सुटू शकत होता.

समजा, हवा श्वासाचीच ठरली. तरी हंटर थांबत नाहीत. एकच उसासा घेऊन मेलेल्या बाळाचीही फुफ्फुसं तितकीच तरंगतात. तोंड बाहेर येताच बाळ श्वास घेतं आणि बाकीचं अंग सुटण्याआधी दगावू शकतं. धडधाकट जन्मलेलं बाळही प्रसूतीच्या स्रावात पालथं पडलं, किंवा ओलं कापड नाकातोंडाशी चिकटलं, तर काही मिनिटांत गुदमरतं. आणि थकून गेलेल्या, बावरलेल्या आईला त्याला उचलण्याइतकं त्राण उरलेलं नसतं. इथे सुरुवातीच्या त्या बाईचं प्रयोजन कळतं. ती प्रास्ताविकापुरती नव्हती; तिची अवस्था हाच पुराव्याचा भाग होता.

१८०३ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि खून सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर आली. आज ऊतीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वायुकोश उघडलेत का ते तपासतात. नाळेच्या मुळाशी, ती गळून पडण्याच्या जागी, दाहाचं वलय उमटलेलं असलं तर बाळ काही काळ जगलं होतं, असं म्हणता येतं. पण ते उमटायला साधारण दिवसभर तरी लागतो. पहिल्या काही मिनिटांचा निवाडा त्यातून होत नाही. बाळाला शुद्धीवर आणायला कुणी फुंकर घातली असली, तर तीही फुफ्फुसांत हवा ठेवून जाते.

म्हणून हा निबंध जुना झालेला नाही. बाळ श्वसलं का, याचं उत्तर ऊती कधीकधी देतात. ते कुणी मारलं का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नका, हे साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हंटर आजही शिकवू शकतात.