‘नागासाकीची घंटा’ : सांत्वन आणि जबाबदारी

डॉ. ताकाशी नागाई यांचे ‘नागासाकीची घंटा’ हे पुस्तक येशूसंघीय धर्मगुरू विल्यम जॉन्स्टन यांच्या १९८४ मधील इंग्रजी अनुवादामुळे आपल्या आटोक्यात आले. भाविक वाचक ते संतचरित्रासारखे वाचतो. आम्हीही पूर्वी तसेच वाचले होते. आज त्याचे अधिक चिकित्सक वाचन व्हावे, असे आम्हांस वाटते.

नागाई हे नागासाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील क्ष-किरणतज्ज्ञ. ९ ऑगस्ट १९४५ रोजी उराकामी भागावर अणुबॉम्ब पडला आणि तेथील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास दगावले. स्वतः जखमी असूनही नागाई रुग्णसेवा करीत राहिले. घरी परतले तेव्हा पत्नीच्या अस्थी आणि तिची जपमाळ तेवढी हाती लागली. वैद्याची नेमकी नोंद आणि पतीचा आवरलेला शोक येथे शेजारी शेजारी नांदतात. पुस्तकाचे खरे सामर्थ्य यातच आहे.

आमचा मतभेद आहे तो मृतांच्या मिस्साप्रसंगी त्यांनी केलेल्या भाषणाशी. युद्धाच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून देवाने उराकामीची होमबली म्हणून निवड केली, असा त्याचा आशय आहे. ‘ख्रिस्ती लोकांना दैवी शिक्षा झाली’ असे टोमणे ऐकणाऱ्या शोकाकुलांसमोर हे शब्द उच्चारले गेले, हे विसरता कामा नये. परंतु कबरीपाशी जे मलम ठरले, तेच छापील पानावर पडदा ठरते. बळी देवानेच निवडला म्हटले की बॉम्ब टाकणारा हात दिसेनासा होतो आणि आशियावर युद्ध लादणारे जपानी सत्ताधीशही सुटतात.

सत्तेने या पुस्तकाचे काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. १९४६ मध्ये लिहून झालेले हे पुस्तक अमेरिकी ताब्यातील जपानात अडकून पडले. १९४९ मध्ये परवानगी मिळाली ती मनिलामधील जपानी अत्याचारांचा वृत्तांत पुरवणी म्हणून जोडण्याच्या अटीवर! मनिलातील हत्याकांड खरेच होते. पण एका शहराच्या प्रेतांनी दुसऱ्या शहराचा हिशेब मिटत नाही.

पुढे आशियात हाच हिशेब चालू राहिला. १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केला. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट करणाऱ्यांनाच अण्वस्त्रधारी मानले; त्यांच्याकडून निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिक वाटाघाटींचे केवळ वचन घेतले. भारत व पाकिस्तान त्या कराराबाहेर राहिले. उत्तर कोरियाने २००३ मध्ये त्यातून माघार जाहीर केली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या बॉम्बकडे बोट दाखविले. बॉम्ब न बाळगणारा जपानही अमेरिकेच्या अण्वस्त्रछत्राखालीच राहिला. १९९८ च्या स्फोटांनंतर आपल्याकडे मिठाई वाटली गेली, तेव्हा आपणांपैकी किती जणांना उराकामी आठवले?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये हिरोशिमात युद्ध ही मानवाची करणी असल्याचे बजावले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये तेथेच अण्वस्त्रे बाळगणेही अनैतिक ठरविले. नागाईंच्या भाषणात राहिलेली उणीव येथे भरून निघाली.

ढिगाऱ्यातून अभंग निघालेली घंटा १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्री पुन्हा वाजली. उराकामी हे अखेरचेच ठरो, ही नागाईंची प्रार्थना आपण अवश्य करावी. मात्र ती करताना मानवाच्या करणीचे खापर देवाच्या माथी मारू नये.