ठिणगी-यंत्रणातील ‘पर्यावरणस्नेही’ द्रव : एक परीक्षण

कठीण धातूंना ठिणगीने आकार देण्याची रीत १९४३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ लाझारेंको दांपत्याने घालून दिली. कारखान्यांत ती ‘ईडीएम’ म्हणून परिचित आहे. हत्यार व धातू यांमधील सूक्ष्म फटीत विद्युत्-अपारक द्रव असतो. ठिणगीच्या उष्णतेने धातू वितळतो व द्रव त्याचे कण वाहून नेतो. हा द्रव बहुधा केरोसीन किंवा खनिज तेल असे. त्याऐवजी करंज, जट्रोफा, सूर्यफूल यांची तेले योजावीत, असे अलीकडील अनेक निबंधांचे प्रतिपादन आहे.

ह्या प्रतिपादनात तथ्य आहे. केरोसीनची वाफ सुमारे ४० अंशांवर पेट घेऊ शकते, आणि नेवाशाच्या उन्हाळ्यात हवाच तितकी तापते. वनस्पती-तेलांच्या बाबतीत ही मर्यादा २०० अंशांपलीकडे जाते. परंतु केरोसीन हा फारच सोपा प्रतिस्पर्धी होय. ह्याच कामासाठी मिळणारी खनिज तेलेही १०० अंशांपर्यंत सहसा पेटत नाहीत; तुलना त्यांच्याशी हवी. शिवाय वनस्पती-तेल केरोसीनहून कितीतरी दाट असते, त्यामुळे खोल, अरुंद छिद्रातून कण बाहेर पडणे अवघड होते. काही काळाने हवेशी संयोग होऊन ते चिकटही होते. थोड्या वेळाच्या चाचणीत हा दोष दिसावा तरी कसा? निर्आयनित पाणी पेटत नाही हे खरे, पण टंगस्टन कार्बाइडमधील कोबाल्ट ते विरघळवते.

खरी उणीव याहून निराळी आहे. ‘स्नेही’ हे विशेषण ताज्या तेलाला लावले जाते, वापरलेल्याला नव्हे. इनकोनेल कापल्यावर उरणाऱ्या गाळात निकेल व क्रोमियम असतात; करंजाचे तेल मातीत कुजेल, हे धातू कुजणार नाहीत. नेवासे प्रवरेकाठी आहे. पुढे प्रवरासंगमाला ती गोदावरीस मिळते आणि ते पाणी जायकवाडीच्या नाथसागरात जाते. छत्रपती संभाजीनगर तेच पिते. काठावरील एखाद्या लहान कारखान्याने ‘निरुपद्रवी’ म्हणून असे तेल ओढ्यात सोडले, तर त्या निष्काळजीपणास शास्त्राचाच आधार दिल्यासारखे होईल.

धातू कापण्याचा वेग, हत्याराची झीज व पृष्ठाचा खडबडीतपणा ही तीन मापे प्रत्येक निबंधात आढळतात. कापलेल्या प्रत्येक ग्रॅममागे किती गाळ निघाला, त्यात कोणते धातू होते, तेल किती तास टिकले व वीज किती लागली, हे रकाने मात्र बहुधा कोष्टकात नसतात.