राळेचे सूक्ष्मकण आणि बालदंतचिकित्सा : नागपूरच्या संशोधनाची चिकित्सा

नैसर्गिक बहुवारिकांच्या सूक्ष्मकणांद्वारे औषधवहन या विषयावरील लेखनात कायटोसान, अल्जिनेट आणि जिलेटिन यांची नावे वारंवार आढळतात. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात मात्र ए. के. डोर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी चीड वृक्षापासून मिळणाऱ्या राळेचा, म्हणजे रोझिनचा, दीर्घकाळ अभ्यास केला. औषधाचे सूक्ष्मकोश आणि गोळ्यांवरील पातळ आवरण यांसाठी राळ व तिची संयुगे वापरता येतात, हे त्यांनी दाखविले. राळेचे जैवविघटन व जैवअनुरूपता यांवरील त्यांचा निबंध 2003 साली प्रसिद्ध झाला. स्वस्त पदार्थाला प्रतिष्ठा मिळवून देणारे हे कार्य मोलाचे आहे, यात शंका नाही.

परंतु या निबंधाच्या शीर्षकात राळेस ‘नैसर्गिक बहुवारिक’ म्हटले आहे, ते तपासून पाहावे लागते. राळेचा सुमारे 90 टक्के भाग अबिएटिक आम्ल व तत्सम आम्लांचा असतो. अबिएटिक आम्लाचा रेणुभार अवघा 302 आहे. कायटोसानच्या लांबच लांब साखळीशी त्याचे साम्य नाही. ‘बहुवारित’ राळेतही प्रामुख्याने दोन रेणूंच्या जोड्याच आढळतात. हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. कायटोसान आम्लधर्मी द्रवात विरघळते, म्हणून कीड लागलेल्या जागी सामू उतरला की औषध सुटावे अशी योजना करता येते. राळ पाण्यास दूर ठेवते. तिच्यातून औषध झिरपते ते निराळ्याच रीतीने. एका वर्गनामाखाली दोहोंचे निष्कर्ष एकत्र केल्यास दिशाभूल होते.

गंमत अशी की, बालदंतचिकित्सेत राळ केव्हाच पोहोचलेली आहे. ड्युराफॅट या फ्लोराइडयुक्त लेपात राळ आणि लाख दोन्ही असतात. त्यात 5 टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे दर मिलिलिटरमागे 22.6 मिलिग्रॅम फ्लोराइड असते. दुधाच्या दातांसाठी 0.25 मिलिलिटर ही कमाल मात्रा होय. अल्कोहोल उडून जाते, लाळेच्या स्पर्शाने लेप घट्ट होतो आणि ओल्या, चुळबुळ्या तोंडातही टिकून राहतो. प्रयोगशाळेत 900 मिलिलिटर द्रवात केलेली विद्राव्यता-चाचणी या परिस्थितीविषयी फारसे काही सांगू शकत नाही. मुलाच्या तोंडात लाळ जेमतेम मिलिलिटरभर असते आणि ती सतत गिळली जाते. सूक्ष्मकण दाताला चिकटले नाहीत, तर ते औषधासह पोटात जाणार.

सुरक्षिततेचा प्रश्नही ‘नैसर्गिक’ या विशेषणाने सुटत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग झालेली राळ ही त्वचेच्या संपर्कजन्य ॲलर्जीचे सुपरिचित कारण आहे. म्हणूनच राळेची ॲलर्जी असलेल्या मुलांना हा लेप वर्ज्य मानतात. प्राण्यांच्या ऊतींवरील अनुकूल निष्कर्षांवरून मुलांच्या हिरड्यांविषयी अनुमान काढणे घाईचे ठरेल.

विदर्भाच्या संदर्भात आणखी एक पेच आहे. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेपेक्षा अधिक आहे. नागपूरच्याच नीरी संस्थेने 1970 च्या दशकात नालगोंडा पद्धत विकसित केली, ती अशा पाण्यातील फ्लोराइड काढण्यासाठी. तेथील डागाळलेल्या दातांच्या मुलांसाठी सूक्ष्मकणांत फ्लोराइडच भरायचे, की क्लोरहेक्सिडिनसारखे जंतुनाशक, याचा निर्णय कणांच्या आकारमानाआधी व्हावयास हवा. औषधनिर्माणशास्त्राचा विभाग आणि शासकीय दंत महाविद्यालय ही दोन्ही नागपुरातच असल्याने ही चाचणी प्रथम येथेच व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.