प्राध्यापक दालगादो : शब्दाचा माग आणि शब्दाचा अर्थ

१९२२ च्या एप्रिलमध्ये, अवघ्या एका दिवसाच्या अंतराने, दोन ख्रिस्ती विद्वानांचे देहावसान झाले. ४ तारखेस लिस्बन येथे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो आणि ५ तारखेस केडगाव येथे पंडिता रमाबाई. दोघांनीही युरोपात संस्कृत शिकविले होते. रमाबाईंचे स्मरण आपल्या मंडळ्यांत आदराने होते. दालगादो यांचे नाव मात्र आमच्या थोड्याच वाचकांच्या कानी असेल. म्हणून त्यांच्या विद्याव्यासंगाचे मूल्यमापन येथे योजिले आहे.

बार्देशातील आसगाव येथे १८५५ साली त्यांचा जन्म झाला. राशोलच्या सेमिनरीत ते शिकले, रोम येथे त्यांनी कायद्याचे उच्च अध्ययन केले आणि पुढे सिलोन, बंगाल व होनावर येथे मिशनसेवा केली. १८९३ साली मुंबईत त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश निघाला. त्यात कोंकणी शब्द देवनागरीत छापले होते, ही गोष्ट त्या काळच्या गोमंतकीय धर्मगुरूच्या बाबतीत लहान नव्हे. १८९७ साली त्यांनी हितोपदेश पोर्तुगीजांत आणला. १९०७ पासून ते लिस्बन येथे संस्कृतचे प्राध्यापक झाले. दुखण्यामुळे दोन्ही पाय गमवावे लागले, तरी लेखणी थांबली नाही. सुमारे पन्नास आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा त्यांचा ग्रंथ १९१३ साली आणि पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशाचे दोन खंड १९१९ व १९२१ साली प्रसिद्ध झाले.

ह्या पद्धतीची थोरवी पेडणे तालुक्यातील मोपासारख्या गावी उभे राहिले म्हणजे उमगते. तेथील सड्यावरचा ‘काजू’ ब्राझीलहून पोर्तुगीज तारवांतून आला. घरातील ‘चावी’, हातातील ‘पगार’, ताटातील ‘पाव’ ह्यांचीही कुळी तीच. आणि ‘इगर्ज’? ग्रीक ‘एक्लेसिया’ लॅटिनमध्ये गेला, पोर्तुगीजांत ‘इग्रेजा’ झाला आणि गोमंतकीयाच्या ओठी ‘इगर्ज’ होऊन बसला. सेमिनरीत ज्याला आपण मृत भाषा समजून घोकतो, ती शापोरा नदीच्या दोन्ही तीरांवर अशी जिवंत आहे.

तथापि येथेच आमचा आक्षेपही आहे. शब्द कोणत्या वाटेने आला हे कोश सांगतो. ती वाट चालताना कोणाच्या पायांत काटे रुतले, हे सांगणे कोशाच्या आटोक्यात नसते. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला होता. ज्या भाषेला असे संपवू पाहिले, तिचाच कोश दालगादो यांनी सिद्ध केला, हे त्यांचे मौन उत्तर होय. परंतु ते उत्तर पोर्तुगीजांत होते. पेडण्याच्या शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द लिस्बनला पोहोचला. त्या शब्दाचे ज्ञान शेतकऱ्याकडे परतले नाही.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ‘एक्लेसिया’ म्हणजे बोलावून एकत्र केलेले लोक. ‘इगर्ज’ ह्या शब्दात ध्वनी टिकला, परंतु डोळ्यांपुढे उभी राहते ती चुन्याने रंगविलेली इमारत. मराठी पवित्र शास्त्राने ‘मंडळी’ म्हटले. ध्वनी गेला, माणसे उरली. रमाबाईंची वाट ही होती. ग्रीक व हिब्रू शिकून त्यांनी मूळ ग्रंथ साध्या मराठीत उतरविण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्यांचे संपूर्ण भाषांतर त्यांच्या पश्चात १९२४ साली प्रसिद्ध झाले.

म्हणून दालगादो यांना आम्ही उणे लेखतो काय? मुळीच नाही. व्युत्पत्तीचे भान नसलेला उपदेशक शब्दाला हवा तो अर्थ चिकटवितो. परंतु केवळ व्युत्पत्ती जाणणारा, दाराशी आलेल्या पाहुण्याची वंशावळ विचारीत बसतो आणि त्याला आत घेण्याचे विसरतो. ग्रीकचे धडे गिरविणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी दालगादो यांच्याकडून चिकाटी घ्यावी, रमाबाईंकडून दिशा घ्यावी. आणि शिकलेला प्रत्येक शब्द, ज्यांच्यासाठी तो शिकला, त्यांच्या घरी नेऊन पोहोचवावा.