‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो तेव्हा : वाचनयंत्र आणि संहितेची संकल्पना

गेल्या अर्धशतकातील साहित्यसिद्धान्ताने ‘साहित्यकृती’ या संज्ञेच्या जागी ‘संहिता’ ही संज्ञा रूढ केली, तेव्हा साहित्याच्या भौतिक अस्तित्वाचा प्रश्न एका परीने निकालात निघाला असे गृहीत धरले गेले. रोलां बार्थ यांनी १९७१ मधील आपल्या निबंधात हा भेद मांडला. कृतीला ग्रंथालयाच्या फळीवर जागा लागते, संहितेला भाषेखेरीज दुसरी जागा नाही, असा त्याचा आशय. मराठी समीक्षेने हा भेद तत्परतेने आत्मसात केला. परंतु ज्याने एखादी मराठी कादंबरी अथवा संशोधनग्रंथ ई-वाचनयंत्रावर नेटाने वाचण्याचा प्रयत्न केला आहे, त्याच्या अनुभवाशी तो जुळत नाही. वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते; डोळ्यांसमोर असलेला शब्द शोधूनही यंत्राला सापडत नाही; पृष्ठक्रमांक द्यावा तर पृष्ठच नसते. या तक्रारी आपण तंत्रज्ञाकडे सोपवून मोकळे होतो. त्या वस्तुतः संहितासमीक्षेच्या कक्षेतल्या आहेत आणि संहिता म्हणजे काय या प्रश्नावर त्या नवा प्रकाश टाकतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ग्रंथाचे भौतिक रूप अर्थनिर्मितीत सहभागी असते, हा विचार नवा नव्हे. डी. एफ. मॅकेंझी यांनी १९८५ च्या व्याख्यानांत ग्रंथसूचिशास्त्राला संहितेच्या समाजशास्त्राचे रूप दिले. जेरोम मॅगन यांनी १९९१ मध्ये भाषिक संकेतांच्या बरोबरीने कागद, टंक, मांडणी यांचे ‘ग्रंथीय संकेत’ मानले. कॅथरीन हेल्स यांनी २००२ मध्ये हीच दृष्टी इलेक्ट्रॉनिक माध्यमाकडे वळवली. या साऱ्या विवेचनांत एक गोष्ट मात्र न बोलता गृहीत आहे : पडद्यावर दिसणारे अक्षर आणि यंत्राने साठवलेला संकेत यांचे नाते बव्हंशी एकास एक असते. रोमन लिपीपुरते ते खरे आहे. म्हणून तिथे संकेताचा थर अदृश्यच राहतो. देवनागरीत हे नाते पदोपदी तुटते, आणि तुटते तेव्हाच तो थर डोळ्यांत भरतो. मराठीचा अनुभव त्यामुळे मागासलेल्या तंत्रज्ञानाची कहाणी ठरत नाही. सैद्धान्तिकदृष्ट्या तो अधिक बोलका आहे.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दुसरे प्रसिद्ध उदाहरण. मराठीत हा भेद अर्थभेदक आहे आणि तो दाखवण्यासाठी आपल्या लिपीत रफाराहून वेगळा, आडवा वळणदार अर्धा र आहे. आता हा अर्धा र यंत्रात कसा साठवला जातो ते पाहावे. युनिकोडच्या नियमावलीत त्याच्या दोन रीती मान्य आहेत. पहिल्या रीतीत खाली टिंब असलेला ऱ आणि त्यापुढे हलन्त चिन्ह येते. हे अक्षर संकेतावलीत मुळात द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी दाखल झाले. त्याचे अर्धे रूप मराठीच्या वाट्याला आले. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त चिन्ह आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचे एक चिन्ह येते. या चिन्हाला रुंदी नाही, आकार नाही, उच्चार नाही. शेजारच्या अक्षराने कोणते रूप घ्यावे, एवढीच सूचना ते देते. दोन्ही रीतींनी पडद्यावर उमटणारा शब्द डोळ्याला अगदी एकच दिसतो. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निरनिराळे शब्द आहेत.

येथवर केवळ गैरसोय आहे. खरा धोका पुढे आहे. मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळले गेले, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, शेतकऱ्याचा ‘शेतकर्या’ होतो. जोतीराव फुल्यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे नावच या अपघाताला बळी पडण्याजोगे आहे. ‘शेतकर्या’ हा अशुद्ध शब्द आहे, म्हणून निदान खटकतो तरी. ‘दर्या’ हा शुद्ध शब्द आहे. कवितेत तो आला तर वाचक थांबणार नाही, उलट एखादा चतुर भाष्यकार समुद्राच्या प्रतिमेवर परिच्छेद लिहून मोकळा होईल.

पाठभेदाचा हा प्रकार परंपरागत संहितासमीक्षेला ठाऊक नव्हता. लिपिकाराचे प्रमाद सामान्यतः आकारसाम्यातून, उच्चारसाम्यातून किंवा अर्थाच्या ओढीतून घडतात. छापील पानाच्या प्रतिमेवरून अक्षरे ओळखणारी ओसीआर सॉफ्टवेअरे ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ करतात, तेव्हा ती जुन्या लिपिकाराच्याच वाटेने चाललेली असतात. त्यांच्या चुका ओळखण्याची साधने आपल्यापाशी आहेत. अदृश्य चिन्हाच्या लोपातून निर्माण होणारा पाठभेद मात्र ना डोळ्याच्या चुकीतून येतो ना कानाच्या.

शोधसुविधेकडे पाहिले की या प्रश्नाचे गांभीर्य आणखी स्पष्ट होते. अमुक कादंबरीत अमुक शब्द एकदाही येत नाही, अशा स्वरूपाची विधाने अलीकडच्या प्रबंधांत सहजपणे केली जातात आणि त्यांचा आधार यंत्राने दिलेले ‘शून्य’ हा असतो. हे शून्य कशाचे आहे? ‘ॲरिस्टॉटल’ हा शब्द घ्यावा. त्यातील ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. त्यापूर्वी ‘अ’ला चंद्र जोडून ते साधले जाई आणि आजही अनेक जण तसेच टंकतात. युनिकोड या दोहोंना समान मानत नाही. तेव्हा एकाच काव्यशास्त्रविषयक ग्रंथात दोन ॲरिस्टॉटल शेजारी शेजारी नांदू शकतात आणि एकाचा शोध घेणाऱ्याला दुसरा भेटत नाही. याच्या उलट, हिंदीसाठी रचलेल्या काही शोधप्रणाली नुक्ता आणि जोडक चिन्ह दोन्ही गाळून तुलना करतात. तिथे ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे भिन्न शब्दच उरत नाहीत. पहिल्या यंत्राला मराठीत नसलेला भेद दिसतो, दुसऱ्याला असलेला दिसत नाही. अभावाचे विधान यंत्रशोधाच्या आधारे करणाऱ्या विद्यार्थ्याने शब्दाच्या सर्व संकेतरूपांचा शोध घेतला होता किंवा नाही, हे परीक्षकाने विचारले पाहिजे. माझ्या मते हा प्रश्न तात्त्विक भूमिकेविषयीच्या नेहमीच्या प्रश्नांइतकाच महत्त्वाचा आहे.

१९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली, त्या काळातील फायलींची अवस्था वेगळी आहे. त्या वेळच्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. टंक हाताशी नसेल, तर फाइल उघडताच रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक रांग दिसते. अशी फाइल युनिकोडमध्ये आणताना अडचण येते ती क्रमाची. खिळे जुळवणारा कंपोझिटर आणि टंकलेखक दोघेही ऱ्हस्व वेलांटी आधी बसवत, अक्षर नंतर. ‘धर्म’ मधला रफार ‘म’ झाल्यावर. जुने टंक याच हाताच्या क्रमाने मजकूर साठवतात. युनिकोड आणि त्याच्या देवनागरी विभागाला आधारभूत ठरलेली इस्की ही भारतीय संकेतप्रणाली उच्चाराचा क्रम पाळतात : आधी व्यंजन, मग स्वर, आधी र, मग म. हे स्थानांतर बिनचूक झाले नाही, तर ‘कविता’ची ‘किवता’ होते. पीडीएफमधून मजकूर उचलणाऱ्या प्रत्येकाच्या ती परिचयाची असेल.

या ‘किवते’कडे क्षणभर गंभीरपणे पाहावे. देरिदा यांनी १९६७ मध्ये वाणीला अग्रक्रम देणाऱ्या पाश्चात्त्य परंपरेची चिकित्सा केली, ती लेखनाच्या बाजूने उभे राहून. मराठी फाइलीत ही विभागणी चमत्कारिक रीतीने उलटते. जे डोळ्यांना दिसते ते लेखनाच्या क्रमाने आणि जे कधीच दिसत नाही, कोणी कधी उच्चारतही नाही, त्या साठवलेल्या संकेतमालेत मात्र वाणीचा क्रम जपलेला. ‘किवता’ ही त्या दोन क्रमांमधली फट आहे. देरिदा यांच्या विवेचनाला याने बाध येतो असे नव्हे. पण वाणी आणि लेखन ही द्वंद्वे लिपीनिरपेक्षपणे वापरण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे, तिला यातून शह मिळावा.

अक्षराच्या वळणाचा प्रश्न मला तुलनेने गौण वाटतो, जरी त्यावर वाद अधिक होतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपे निश्चित केली. संकेत मात्र हिंदी आणि मराठी दोन्हींसाठी एकच असल्याने फाइलीत भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवलेली असेल आणि टंकात तशी सोय असेल, तरच मराठी वळण उमटते. एरवी हिंदी वळण. मॅगन यांच्या परिभाषेत हा शुद्ध ग्रंथीय संकेत. त्याने मराठी वाचकाला परकेपणा जाणवतो हे खरे, परंतु त्यामुळे शब्द हरवत नाही.

ई-पुस्तकातील मजकूर प्रवाही असतो. अक्षर मोठे केले की ओळी वाढतात, पडदे वाढतात, आणि ‘पृष्ठ ११२’ या निर्देशाला अर्थ उरत नाही. किंडल हे वाचनयंत्र २००७ मध्ये आले तेव्हा त्याने पृष्ठाऐवजी ‘लोकेशन’ नावाचे अनुक्रमांक दिले. अभ्यासकांच्या नाराजीनंतर २०११ मध्ये काही पुस्तकांना छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमांक जोडले गेले. डिसेंबर २०१६ पासून तेथे मराठी पुस्तके मिळू लागली आणि ही अडचण आपल्या दारी आली. वस्तुतः ती आपल्याला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीचा निर्देश आपण पृष्ठाने करत नाही, अध्याय आणि ओवी सांगतो. पोथी कोणत्या आकाराची आहे याची त्याला फिकीर नसते. पृष्ठक्रमांकावरचे अवलंबन हे मुद्रित गद्याबरोबर आले. कादंबरीला ओवी नाही, म्हणून कादंबरीच्या समीक्षेला पान लागते.

यातूनच एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात येते. वाचनयंत्रावर अभंग वाचताना ओळ पडद्याच्या कडेला मोडली, तरी वाचक हरवत नाही. यमक आणि अक्षरसंख्या त्याला चरण कुठे संपला ते सांगतात. कान डोळ्याची चूक दुरुस्त करतो. मुक्तछंदातील कविता मात्र त्याच पडद्यावर ढासळते. मुक्तछंदात लय असतेच, अनिलांपासून ती सिद्ध आहे. पण पुढे नवकवितेने जी ओळ घडवली, ती अनेकदा केवळ पानावरच्या रिकाम्या जागेने तुटते. यंत्राने तोडलेली ओळ आणि कवीने तोडलेली ओळ यांत फरक करण्याचे साधन वाचकापाशी राहत नाही. मुक्तछंद हा बंधनातून सुटलेला छंद, अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात त्याने वृत्ताचे बंधन टाकून मुद्रित पानाचे बंधन स्वीकारले होते, हे पान नाहीसे होईपर्यंत आपल्या लक्षात आले नाही.

जेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये ज्याला संहितेचे उंबरठे म्हटले, त्या शीर्षकपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना या मजकुराचीही अशीच गत होते. पुष्कळ ई-पुस्तके उघडतात ती थेट पहिल्या प्रकरणावर. मराठी समीक्षेचा बराचसा इतिहास प्रस्तावनांमध्ये लिहिला गेला आहे. त्या ओलांडून आत नेणारे यंत्र वाचकाला नकळत एक विशिष्ट वाचनपद्धती शिकवत असते.

आणि संहितेच्या स्थैर्याचे काय? जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’ यांच्या विकलेल्या प्रती हक्कांच्या वादामुळे वाचकांच्या यंत्रांवरून दूरस्थपणे काढून घेतल्या. निवडलेले पुस्तक सोयीचे निघाले, त्यामुळे जगभर त्यातील उपरोधाचीच चर्चा झाली. समीक्षकाला त्यातील दुसरा तपशील अधिक महत्त्वाचा वाटावा. एका शालेय विद्यार्थ्याच्या तक्रारीनुसार त्याने केलेली टिपणे शिल्लक राहिली होती, पण ज्या मजकुरावर ती होती तोच गेल्याने ती निरर्थक झाली. आपल्या काव्यशास्त्रात याच्या उलट परिस्थिती परिचित आहे : भरताचे नाट्यशास्त्र उरले आणि त्यावरील लोल्लट, शंकुक यांच्या टीका लुप्त झाल्या, अभिनवगुप्ताने घेतलेल्या परामर्शामुळेच आपण त्यांना ओळखतो. मूळ लुप्त आणि टीका शाबूत, ही अवस्था आता कोणाही वाचकाच्या वाट्याला येऊ शकते.

लोप निदान लक्षात तरी येतो. सुधारित आवृत्ती जुन्या फाइलीच्या जागी मुकाट्याने येऊन बसते, तेव्हा तेही घडत नाही. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली, वि. सी. सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकारलेला पाठही तळटीपेत, प्रतीच्या खुणेसह, नोंदवून ठेवला. अद्ययावत झालेल्या ई-पुस्तकात कालचा पाठ कोणता होता, हे सांगणारी तळटीप नसते, आणि ती मागण्याचा विचार अद्याप आपल्या विद्यापीठांच्या संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमाला सुचलेला दिसत नाही.