निनावीपणाचे आश्वासन आणि त्याच्या मर्यादा : ‘टॉर’विषयक मूळ शोधनिबंधाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

ऑगस्ट २००४ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे भरलेल्या युसनिक्स संस्थेच्या तेराव्या सुरक्षा परिसंवादात रॉजर डिंगलडाईन, निक मॅथ्यूसन आणि पॉल सायव्हरसन यांनी ‘टॉर : द सेकंड-जनरेशन ऑनियन राउटर’ हा शोधनिबंध सादर केला. इंटरनेटवर वावरणाऱ्याची ओळख झाकणारे, सर्वांना मुक्तपणे वापरता येणारे जाळे कसे उभारावे, हा त्याचा विषय होय. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या मध्यास या जाळ्यात अवघे ३२ संगणक होते. त्यांपैकी २४ अमेरिकेत व ८ युरोपात. आज ही संख्या हजारोंच्या घरात आहे आणि पत्रकार, कार्यकर्ते, संशोधक, सामान्य नागरिक तसेच गुन्हेगारही या जाळ्याचा वापर करतात. काळाच्या कसोटीवर उतरलेले लेखन म्हणून २०१४ मध्ये युसनिक्सने या निबंधाचा पुरस्कार देऊन गौरव केला.

तांत्रिक निबंधाकडे एरवी केवळ यंत्राचा आराखडा म्हणून पाहिले जाते. परंतु असा निबंध हे एक आश्वासनही असते, आणि आश्वासन म्हटले की ते कोणाला दिले, कोणत्या अटींवर दिले आणि कोणते आश्वासन देण्याचे नाकारले, हे प्रश्न ओघाने येतात. प्रस्तुत लेखात या दृष्टीने उपरोक्त निबंधाचे पुनर्वाचन केले आहे. निबंधाने आपल्या मर्यादा दुर्मिळ प्रामाणिकपणे नोंदवल्या; तथापि त्या मर्यादांचे माप त्याने कमी लेखले आणि धोका कोणाच्या वाट्याला अधिक येतो, हा प्रश्न पुरेसा विचारला नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका व रचना

या विचाराचे मूळ डेव्हिड चाऊम यांच्या १९८१ मधील लेखनात आहे. निरनिराळ्या लोकांची पत्रे मध्यस्थ संगणकाने एकत्र करावीत, त्यांचा क्रम बदलावा आणि मगच ती पुढे धाडावीत, अशी त्यांची कल्पना होती. या पद्धतीत विलंब अटळ होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी ‘ऑनियन राउटिंग’ ही पद्धती विकसित केली. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे संदेशावर सांकेतिक आवरणे चढवायची आणि वाटेतील प्रत्येक संगणकाने, म्हणजे ‘रिले’ने, आपल्यापुरते एक आवरण उतरवायचे, ही तिची रीत.

टॉरमध्ये सामान्यतः असे तीन रिले असतात. पहिल्याला वापरकर्ता ठाऊक असतो, पण त्याचे गंतव्य ठाऊक नसते. तिसऱ्याला गंतव्य ठाऊक असते, पण वापरकर्ता ठाऊक नसतो. मधल्याला दोन्ही ठाऊक नसतात. सर्व माहिती एकाच मध्यस्थाच्या हाती असणे, हा व्यापारी व्हीपीएन सेवेचा मूलभूत दोष येथे टाळलेला आहे. विश्वासाची ही विभागणी हेच या रचनेचे मर्म होय.

नाकारलेली आश्वासने

निबंधाचे सर्वांत मौलिक स्थळ तिसऱ्या विभागात आहे. उद्दिष्टे सांगितल्यावर लेखकांनी लगेच आपण काय साधू पाहत नाही, याचीही यादी दिली आहे. वाहतुकीच्या दोन्ही टोकांवर पाळत असल्यास ही रचना संरक्षण देईलच असे नाही. ब्राउझरसारख्या प्रणालीतून गळणारी माहिती ती स्वतः गाळत नाही. आणि टॉरशी जोडणी झाली आहे, ही गोष्टही ती लपवत नाही. ज्याची नजर संपूर्ण जाळ्यावर आहे, अशा प्रतिपक्षापुढे आपला उपाय चालणार नाही, हेही लेखक मान्य करतात. त्यांनी गृहीत धरलेला प्रतिपक्ष वाहतुकीचा काही भागच पाहू शकतो आणि काही रिलेच ताब्यात ठेवू शकतो.

ही मर्यादा अपघाताने आलेली नाही. चाऊम यांची विलंबाची वाट सोडून टॉरने वेगाची वाट धरली. संकेतस्थळ काही क्षणांत उघडले पाहिजे, अन्यथा लोक ते वापरणार नाहीत. आणि लोक नसतील तर लपायला गर्दीच उरणार नाही. म्हणून वापरसुलभता ही सोय नसून सुरक्षेचीच अट आहे, असा युक्तिवाद निबंधात येतो. तो मूलगामी आहे. मात्र वेगाची किंमत अशी की, पहिल्या टोकाला शिरलेली माहिती आणि शेवटच्या टोकाला बाहेर पडलेली माहिती यांची वेळ व आकारमान जुळते. आवरणे न फोडता केवळ घड्याळ पाहून दोन्ही टोके सांधता येतात. सांकेतिक लिपी अभेद्य राहूनही निनावीपणा भंगू शकतो, ही गोष्ट सामान्य वापरकर्त्याला क्वचितच ठाऊक असते.

संभाव्यतेचे गणित

या धोक्याचे माप निबंधाने एका साध्या सूत्रात मांडले आहे. एकूण रिलेंपैकी जितका अंश प्रतिपक्षाच्या हाती असेल, त्याच्या वर्गाइतक्याच वाहतुकीची दोन्ही टोके त्याला जुळवता येतील. दहा टक्के रिले ताब्यात असल्यास हे प्रमाण एक टक्का भरते. वरवर पाहता हा आकडा दिलासा देणारा आहे.

परंतु हे गणित एका मार्गापुरते आहे. वापरकर्ता एकदाच प्रवास करत नाही आणि टॉर ठरावीक काळाने मार्ग बदलते. एका मार्गात एक टक्का धोका असेल, तर स्वतंत्रपणे निवडलेल्या शंभर मार्गांत निदान एकदा सापडण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के होते. मार्ग किती वेळाने बदलावा, हा प्रश्न लेखकांनी शेवटी अनुत्तरित प्रश्नांत नोंदवला आहे, हे खरे. तथापि ज्याच्यावर वापरकर्त्याचे दीर्घकालीन संरक्षण अवलंबून आहे, तो प्रश्न परिशिष्टासारखा शेवटी ढकलणे हा या निबंधाचा रचनादोष मानावा लागेल.

पुढील संशोधनाने हे सिद्ध केले. लासे ओव्हरलिअर आणि सायव्हरसन यांच्या २००६ मधील निबंधानंतर पहिला रिले वारंवार न बदलण्याची, म्हणजे ‘रक्षक’ रिलेची, पद्धत स्वीकारली गेली. तरीही २०१३ मध्ये एरन जॉन्सन व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, मध्यम सामर्थ्याचा रिलेधारक प्रतिपक्ष सहा महिन्यांत सर्व प्रकारच्या वापरकर्त्यांपैकी ८० टक्के जणांची ओळख उघड करू शकेल, असा निष्कर्ष निघाला. या अभ्यासाच्या लेखकांतही सायव्हरसन आहेत. मूळ निबंधाची सर्वांत कठोर समीक्षा त्याच्याच एका लेखकाने केली, ही विद्याव्यवहारातील अनुकरणीय गोष्ट होय. यानंतर रक्षक रिलेंची संख्या कमी करण्यात आली आणि त्यांची मुदत वाढवण्यात आली.

प्रतिपक्ष रिले ताब्यात घेतो कसे, याचेही उत्तर लवकरच मिळाले. जाळे स्वयंसेवकांवर चालते. त्यामुळे कोणीही स्वयंसेवक होऊ शकतो. ३० जानेवारी ते ४ जुलै २०१४ या काळात सुमारे ११५ रिले एका समूहाने जाळ्यात घुसवले होते आणि रक्षक रिलेंच्या क्षमतेत त्यांचा वाटा सुमारे ६.४ टक्के होता, असे टॉर प्रकल्पाने जाहीर केले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमधील संशोधनातून वापरकर्त्यांचे पत्ते मिळाले होते, हे २०१६ मधील एका अमेरिकी न्यायालयीन आदेशात नमूद झाले. संशोधकाची प्रयोगशाळा आणि तपासयंत्रणेची पाळत यांतील सीमारेषा किती पुसट असते, याचा हा नमुना आहे.

गुप्तता आणि निनावीपणा

दुसरी गल्लत संज्ञांची आहे. ‘गुप्तता’ म्हणजे मजकूर झाकणे आणि ‘निनावीपणा’ म्हणजे मजकुराचा धनी झाकणे. निनावी पत्राचा मजकूर कोणीही वाचू शकतो. केवळ खाली सही नसते. टॉर प्रामुख्याने दुसरे काम करते. शेवटच्या रिलेपाशी शेवटचे आवरण उतरते, आणि संकेतस्थळाशी होणारा व्यवहार स्वतंत्रपणे सांकेतिक नसेल तर तेथील चालकाला सर्व काही वाचता येते.

२००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश तज्ज्ञाने असे पाच निर्गम रिले चालवून हे दाखवून दिले. अनेक देशांच्या वकिलाती व शासकीय कार्यालयांच्या ई-मेल खात्यांचे परवलीचे शब्द त्याच्या हाती लागले. त्यांत भारतीय खातीही होती. टॉरमधून जाणारी वाहतूक आपोआप गुप्त राहते, या समजुतीचे खंडन यापेक्षा अधिक बोलके असू शकत नाही. सांकेतिक जोडणी आता सार्वत्रिक झाल्याने हा धोका पुष्कळ उणावला आहे. पण संपलेला नाही. मे २०२० मध्ये निर्गम क्षमतेचा २३ टक्क्यांहून अधिक भाग एकाच अपप्रवृत्त समूहाकडे असल्याचे एका स्वतंत्र निरीक्षकाने उघड केले. बिटकॉइनच्या व्यवहारांतील सांकेतिक जोडणी उतरवून पैसे वळवणे हा त्या समूहाचा उद्देश होता.

गर्दी कोणाला लाभते?

निबंधाच्या मुळाशी असलेली सामाजिक कल्पना अशी की, निनावीपणा एकट्याला मिळत नाही. केवळ नौदलानेच हे जाळे वापरले असते, तर त्यातून आलेला प्रत्येक संदेश नौदलाचाच ठरला असता; म्हणून ते सर्वांना खुले करणे आवश्यक होते. डिंगलडाईन व मॅथ्यूसन यांनी २००६ मध्ये हाच विचार स्वतंत्र लेखात विस्ताराने मांडला. पंढरीच्या वाटेवरील दिंडीत अनोळखी माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. तोच माणूस निर्जन वाडीत शिरला की घराघरातून डोळे त्याच्याकडे वळतात.

परंतु ही गर्दी सर्वांना सारखी लाभत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षेच्या वेळी बॉम्बची खोटी धमकी देणारा ई-मेल टॉरमधून आला. तपासयंत्रणेने टॉरची आवरणे फोडली नाहीत. विद्यापीठाच्या वायरलेस जाळ्यावरून त्या सुमारास टॉर कोणी वापरले, याच्या नोंदींतून ती संबंधित विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली आणि त्याने कबुली दिली. जगभरच्या लाखोंच्या गर्दीत तो दडलेला होता. स्थानिक नोंदवहीत मात्र गर्दीच नव्हती.

या प्रकरणात दोषी सापडला, याचे समाधानच आहे. प्रश्न असा की, हीच पद्धत निर्दोषालाही लागू पडते. एखाद्या लहान गावातील कार्यालयाचा भ्रष्टाचार कळवणारा एकमेव कर्मचारी, किंवा छळ करणाऱ्या नवऱ्यापासून सुटकेची माहिती शोधणारी स्त्री, यांच्या भोवती स्थानिक गर्दी नसते. ज्याला संरक्षणाची गरज अधिक, त्याची गर्दी बहुधा विरळ असते. निबंधातील सूत्र सर्व वापरकर्त्यांना समान धरते. धोक्याची ही विषम वाटणी त्यात दिसत नाही. जोडणीच झाकणारे ‘ब्रिज’ पुढे आले. पण त्यांची माहिती असणाऱ्यालाच त्यांचा लाभ होतो.

जर्मनीतील अलीकडील प्रकरणही याच दिशेने बोट दाखवते. तेथील तपासयंत्रणेने काही रिलेंवर दीर्घकाळ पाळत ठेवून, वेळेची सांगड घालून टॉर वापरणाऱ्या आरोपीचा माग काढल्याचे वृत्त सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील पत्रकारांनी दिले. संबंधिताने संरक्षक सुधारणा नसलेली, जुनी संवादप्रणाली वापरली असावी, असे टॉर प्रकल्पाने म्हटले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. २००४ मध्ये नोंदवलेली मर्यादा वीस वर्षांनी तपासात उपयोगी पडली. आणि तिची झळ ज्याने प्रणाली अद्ययावत ठेवली नाही, त्याला अधिक बसली.

भारतीय संदर्भ

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने व्हीपीएन सेवांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जतन करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर काही परदेशी सेवांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. ज्याच्या हाती सर्व नोंदी असू शकतात, अशा एकाच मध्यस्थावरील विश्वास किती ठिसूळ असतो, हे यावरून स्पष्ट होते. या तुलनेत टॉरची विभागलेली रचना सरस आहे. पण ती सरस आहे म्हणून अमर्याद आहे, असे समजणे धोक्याचे होय.

निष्कर्ष

१. मर्यादा आश्वासनाच्या शेजारीच नोंदवणे, हे या निबंधाचे सर्वांत मोठे यश आहे. ती शिस्त साधनाच्या प्रचारात मात्र टिकली नाही.

२. एका मार्गाच्या संभाव्यतेवरून दीर्घकालीन वापराचा धोका ठरवता येत नाही. सुरक्षेचे माप महिन्यांत आणि वर्षांत घेतले पाहिजे.

३. टॉर मार्ग झाकते. मजकूर, ब्राउझरमधील खुणा, वापरकर्त्याच्या सवयी आणि त्याची स्थानिक नोंद झाकण्याची हमी ते देत नाही.

४. निनावीपणा ही सामूहिक वस्तू आहे. सामान्य कामासाठी हे जाळे वापरणारा नागरिक अनोळखी पीडितालाही आडोसा देत असतो. म्हणून सर्वसामान्य वापराला संशयास्पद ठरवणारी धोरणे सर्वांत आधी दुर्बलांचाच आडोसा काढून घेतात.

या निबंधाची चिकित्सा करूनही त्याचे महत्त्व उणावत नाही. साधन उपयुक्त आहे आणि पर्यायांच्या तुलनेत आजही सरस आहे. परंतु ज्याचे स्वातंत्र्य किंवा जीवित या साधनावर अवलंबून आहे, त्याच्या हाती ते सोपवताना त्या तिसऱ्या विभागातील नकारांची यादी त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणे, हे शिक्षक, पत्रकार आणि प्रशिक्षक यांचे कर्तव्य ठरते.